खातं काढण्याआधी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, त्याची आधीच माफी मागते. पण विसपुते सरांच्या दहाव्यापासून मनात आहे की कुठंतरी लिहून ठेवावं... बातमी आली त्या सकाळी मी सातपूरच्या आमच्या ऑफिसात झाडत होते. हिशेब बघणारे पगारे काका दारातच थांबले. "मावशी, झाडू ठेवा. विसपुते गेला." मला वाटलं, नोकरी सोडली. "कुठल्या कंपनीत?" मी विचारलं. काकांनी नुसतं वर बोट दाखवलं.

सर आमच्याकडचे सगळे कॉम्प्युटर सांभाळायचे. कोणी ओरडलं, "मेल येईना!" की लगेच मशीनला हात लावायचे नाहीत. स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "शेवटी काय केलं होतं?" डॉक्टर विचारतो ना, काल काय खाल्लं, तसं. मग मेल आणि फायली सगळं इंटरनेटवर गेलं. मी विचारलं, "म्हणजे कुठं, सर?" तर हसून म्हणाले, "लांब कुठंतरी. मी तरी कुठं पाहिलंय, मावशी!"

त्याच वर्षी विक्रीतला एक माणूस काम सोडून गेला. सरांनी त्याचं कॉम्प्युटरवरचं खातं काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या दरांची फाईल कुठंच सापडेना. साहेबांनी विचारलं, "काल कॉम्प्युटर कोणी पुसले?" मीच पुसले होते. "हिनंच काहीतरी दाबलं. उद्यापासून येऊ नका, बाई." आमच्या घरच्या मालकांचं काम तेव्हा बंद होतं, घर माझ्या पगारावर चालायचं. मी बाहेर नळापाशी जाऊन बसले. डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना...

दुपारी आतून सरांचा आवाज आला. "साहेब, चूक माझी आहे. फाईल त्या माणसाच्या नावावर होती. खातं काढून टाकलं, फाईलही गेली. काही दिवसांच्या आत परत आणता येते, ती आणली."

"मग तुमचा पगार कापू का?"

"कापा. पण आधी मावशींना आत बोलवा."

सगळ्यांसमोर बोलले. नंतर मला समजावून सांगितलं, "माणूस गेला की आधी त्याच्या फायली दुसऱ्याच्या नावावर करायच्या. जमिनीला वारस लावतात ना, तसं. मगच खातं काढायचं." मी मान हलवली. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते राहिलेच. मला बोलायला जमत नाही.

सर गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर नवीन मॅडम आल्या. साहेब म्हणाले, "विसपुत्यांचं खातं काढून टाका आता, उगाच कशाला ठेवायचं." मॅडमचा हात माऊसवर होता. मी चहा ठेवत होते.

"मॅडम, थांबा." माझाच आवाज मला मोठा वाटला. "आधी सरांच्या फायली तुमच्या नावावर करून घ्या. नायतर त्याबी जातील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तसं केलं. त्यात सरांनी लिहून ठेवलेली एक लांबलचक फाईल निघाली. नवीन काय आलं, अडलं तर काय करायचं, सगळं मराठीत. मॅडम वाचत खाली गेल्या आणि एका जागी थांबल्या. मोठ्यानं वाचलं, "खातं काढण्याआधी फायली सोपवा. हे माझ्याकडून चुकलं होतं. मावशींचा काही दोष नव्हता."

"ह्या मावशी कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

मग त्यांनी सरांचं खातं काढून टाकलं आणि मी कप विसळायला गेले.