आधी मी खाते

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेत नाही, आणि ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. — आणि मी गप्प बसणारी मुलगी नाही, हे नांदेडात मला ओळखणारं कुणीही सांगेल. जयंतीच्या मिरवणुकीत पत्रकं वाटत मोठी झाले. अकरावीत असताना पहिलं पत्रक स्वतः लिहिलं. 'जाब विचारा', 'गप्प बसू नका', 'नावं जाहीर करा' — ही वाक्यं मी इतक्यांदा छापून घेतली आहेत की मी दारात दिसले की छापखानेवाला विचारतो, "काय ताई, आज कुणाचा नंबर?"

आज माझा.

पत्रकं लिहून कुणी जगत नाही. मी जगते विनोद लिहून. हे वाक्य लिहितानाही हात अडतो, कारण संघटनेत हे कुणाला माहीत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगचे फिशपॉन्ड, निरोप समारंभात निवेदकानं मारायच्या कोपरखळ्या, मुदखेडच्या लग्नात नवरदेवाच्या दोस्तांनी करायची भाषणं — फोन येतो, मी लिहून देते, नाव कुठंच नसतं. सकाळी चहा घ्यायचा आणि लोक हसावेत म्हणून सुतकी चेहरा करून कागदापुढं बसायचं. "सरांवर झणझणीत लिहा, पण सर चिडले नाही पाह्यजेत." "सासूवर नको ताई, सासू समोरच बसलेली राहती." असलं काम. वाईट काम आहे का? नाही. मला ते येतं. माणूस कुठं हसेल ते मला आधीच ऐकू येतं.

त्यातलं कायमचं काम लातूरचं होतं. आपल्या बोलीत रील काढणारा एक जण. डोक्यावर पदर घेऊन तो स्वतःच बायका करायचा, आणि चांगल्या करायचा. त्याला दर शनिवारी चार किस्से लागायचे. त्याचा एकच नियम होता. "ताई, मानूस इसरला तर इसरू द्या. वाक्य ध्यानात राह्यलं पाह्यजे. मला वाक्य द्या, वाक्य." एकदा संघटनेच्या बैठकीत कुणीतरी त्याच्या पेजचा विषय काढला — खेड्यातल्या बायांची टिंगल करतो म्हणून. त्याला सगळ्यांत मोठ्यानं शिव्या मी घातल्या. त्याच आठवड्याचे चार किस्से तेव्हा माझ्या पिशवीत होते. वही एकच होती. पुढून पत्रकं, मागून विनोद.

मी अजून मुद्द्यावर आलेली नाही, मला कळतंय.

नरसाबाईंबद्दल सांगते. देगलूरकडच्या एका खेड्यात, शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवणारी बाई. बोलण्यात अर्धं मराठी, अर्धं तेलुगू; मला 'अम्मा' म्हणायची. आमची संघटना या बायांचीच — त्यांना कर्मचारी म्हणा, ओळखपत्र द्या, मनाला येईल तेव्हा कामावरून काढू नका, एवढ्या मागण्या. कंधारला मेळावा होता. नरसाबाई आयुष्यात पहिल्यांदा माईकवर आली. आधी माईकलाच नमस्कार केला, लोक हसले, तीही हसली. मग व्यासपीठावरच्या साहेबांकडं वळून म्हणाली —

"आमाला मदतनीस म्हन्ता. सायेब, लेकरांच्या आधी मी खाते. रोज. इख असंल तर आधी मला चढू द्या, मंग लेकरांना वाढते. म्या कुनाची मदत करून राह्यले, सांगा की."

नियमच आहे तो, मुलांना वाढण्याआधी चव घेऊन बघायची. पण त्या नियमाचा अर्थ हा आहे, हे त्या हॉलमध्ये त्याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं. साहेबांनी मान खाली घातली. मी रडले. खरंच रडले, हे खोटं नाही. आमचा कार्यकर्ता बालाजी फोनवर सगळं रेकॉर्ड करत होता. "ताई, हे पत्रकात घ्या," म्हणाला आणि तिथल्या तिथं मला पाठवून दिलं.

मी घेतलं. पत्रकातही घेतलं.

त्या आठवड्यात लातूरच्या माणसाला द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं. शुक्रवार होता. दुपारी खोलीत बसून मी पत्रकासाठी नरसाबाईंचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होते. चौथ्यांदा ऐकताना मला ते नुसतं ऐकू आलं — त्यातली बाई गेली, चाल उरली. 'आधी मी खाते.' तीन शब्द. कुठंही बसतील असे. मी वही उलटी केली.

पुढचं पटापट सांगते, नाहीतर सांगणार नाही. लग्नाच्या पंगतीत एक जाडी मावशी शिरते. नवरदेवाच्या ताटातलं उचलते — "इख असंल तर? आधी मी खाते!" डोहाळजेवणात शिरते, बारशात शिरते, दहाव्याला कावळ्याला हाकलते — "आधी मी खाते!" पदर तसाच, 'सायेब' तसंच, मधूनमधून 'अय्यो' सुद्धा तसंच. नरसाबाई काटकुळी आहे. मी जाडी केली, एवढाच बदल. — आणि तुम्हाला खरं सांगू? लिहिताना मी हसत होते. एकटी, मोठ्यानं. ते चांगलं झालं होतं. त्याआधी आणि त्यानंतर मी तितकं चांगलं काही लिहिलेलं नाही.

महिनाभरात ती मावशी सगळीकडं झाली. नांदेड-लातूर बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन पोरी एकमेकींच्या डब्यात बोट घालून ओरडत होत्या, "आधी मी खाते!" कंडक्टर हसला. मीही हसले. अभिमानच वाटला, काय लपवायचं?

मग नरसाबाईंचा फोन आला. गावात तिला त्या नावानं हाक मारायला लागले होते. आधी पोरं, मग पोरांच्या आया. "अम्मा," ती म्हणाली, "ते मोबाईलात दावतेत ती बाई... ती मीच हाय का गं?"

मी म्हटलं, "न्हाई मावशी, काहीतरीच काय. तुमचा काय संबंध?"

ती म्हणाली, "हाव. मला बी तसंच वाटलं." आणि फोन ठेवला. तिचा विश्वास बसला होता. मी एवढी सहज बोलते.

हसण्याचं पुढं काय होतं ते मला ठाऊक असायला हवं होतं. माझा धंदाच तो. माणूस आधी हसतो, मग त्याला ते खरं वाटायला लागतं. गावात चर्चा सुरू झाली की ही बाई लेकरांचं खाते. आधी घमेलंभर हिचं, मग उरलेलं मुलांचं. एका आईनं अर्ज दिला, मग सात जणींनी. शाळेच्या समितीची बैठक लागली. संघटनेतर्फे कोण गेलं? मी.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. नरसाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती, मेळाव्यातला बिल्ला लावून. ती म्हणाली, "तपासा की. तांदूळ मोजून घ्या." कुणी काही मोजलं नाही. अर्ज करणाऱ्यांतली एक मला म्हणाली, "मॅडम, आमचं ह्या बाईशी भांडान न्हाई. पन वाक्य हिचंच हाय ना? कंदारला हिनंच म्हन्लंय ना सोताच्या तोंडानं? मंग धूर निगंल का उगंच?"

तेव्हा. तेव्हा बोलायचं होतं. वही माझ्या पिशवीत होती. उलटी करून त्या सतरंजीवर टाकायची होती — हे बघा, हे अक्षर माझं, ही जाडी बाई माझी, या बाईनं तुमच्या लेकरांचा एक घास खाल्लेला नाही. दोन मिनिटांचं काम. तिचं काम वाचलं असतं.

मी काय केलं? भाषण केलं. उभं राहून, हातवारे करून. कष्टकरी बाईच्या टिंगलीवर, मोबाईलमधल्या विकृतीवर, त्या निनावी लेखकाच्या भ्याडपणावर. 'भ्याड' हा शब्द मी तीनदा वापरला. सगळे शांतपणे ऐकत होते. मग समितीनं ठराव केला आणि नरसाबाईंनी "माझ्या मर्जीनं काम सोडत आहे" या कागदावर सही केली. तिला सही शिकवली होती ती आम्हीच, संघटनेच्या वर्गात.

परत आले आणि पत्रक लिहिलं. 'तो लेखक कोण? नाव जाहीर करा!' दोन तालुक्यांत वाटलं. लोकांनी फोन करून सांगितलं, ताई, अंगावर काटा आला.

तरी एक प्रश्न उरलाच होता. पत्रकात नुसती वाक्यं होती; मेळाव्यातलं बोलणं तिच्या लकबीसकट त्या रीलवाल्यापर्यंत गेलं कसं? नांदेडच्या बैठकीत तो विषय निघाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत बालाजी उभा राहिला. रडवेला झाला होता. म्हणाला, "माझ्याच हातानं झालं. मीच कौतुकानं चार ग्रुपवर टाकलं होतं." त्याला खरंच तसं वाटत होतं! कुणा अनोळखी माणसानं त्या ग्रुपवरून उचललं असणार, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. नरसाबाई त्या दिवशी आली होती. बालाजीनं सगळ्यांसमोर वाकून तिचे पाय धरले. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बालाजी त्यानंतर संघटनेत आला नाही. माझ्या गुन्ह्याचा कबुलीजबाब त्यानं दिला, आणि मी त्या बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते. लिहिलं — 'श्री. बालाजी यांनी चूक मान्य केली.'

अजून एक राहिलं. हे सांगायचं टाळता आलं असतं. नरसाबाईंचं काम गेल्यावरही मी त्या मावशीचे किस्से लिहिले. सात. लातूरवाला म्हणाला, लोक मागतेत. मला 'नाही' म्हणता आलं असतं, जीभ शाबूत होती. मी म्हटलं, शनिवारी देते.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ती मावशी आता कुणाला आठवत नाही. लोकांना नवी वाक्यं मिळाली. मला मात्र ती ऐकू येते. कुणी डबा उघडला की ऐकू येते. लग्नात पंगत बसली की माझी नजर आधी दाराकडं जाते. आणि जी येते ती माझी जाडी मावशी नसते. ती काटकुळी असते, माईकला नमस्कार करते, आणि लोक हसतात म्हणून स्वतःही हसते.

गेल्या महिन्यात देगलूरला काम होतं. नरसाबाईंनी निरोप पाठवला होता, इतक्या जवळ येऊन तशीच जाऊ नको म्हणून. गेले. दुपारची वेळ. आता ती रोजानं लोकांच्या शेतात निंदायला जाते. त्या दिवशी माझ्यासाठी घरी थांबली होती. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. शेजारणीला बोलावून सांगितलं, "ही ती पोरगी. माझ्यापायी एकटी भांडली समद्यांसंगं." माझं ते पत्रक तिनं भिंतीतल्या देवळीत घडी घालून ठेवलेलं आहे. शेजारणीला काढून दाखवलं.

ताट एकच वाढलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीपण बसा."

"तू खा अम्मा. माझं होतंय मागून."

चुलीपाशी बसलेली सून हळूच म्हणाली, "आमच्यापुढं बी बसत न्हाईत ताई. समद्यांचं झाल्यावर भिताडाकडं तोंड करून खातेत. लेकरू जरी आलं तरी ताट झाकतेत."

"उगी गं," नरसाबाई म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "घावला का तो? लिव्हनारा?"

मी म्हटलं, "न्हाई मावशी. अजून न्हाई."

"मरू दे. त्याला बी पोट असंल."

तिनं आणखी अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि मी जेवते आहे ना ते बघत समोर बसून राहिली. भाजी चांगली झाली होती. मी ती अर्धी भाकरीही खाल्ली.