नगरचा सकाळचा खेळ आन पांढऱ्यातली जपानी बाई

नगरला जायचं डोक्यात आलं ते कमळमुळं. कमळ माजी धाकटी जाऊ. माजे मालक गेले, मागनं दीरबी गेला, म्हंजी घरात आमी दोगी बिनकुकवाच्या. माजं वय झालं, पन कमळ अजून पोरगीच. नेवाशाला सायकलचं दुकान असलेल्या एका पावन्यानं, त्याचीबी बायकू वारलेली, तिच्यासाटी पाटाचा निरोप धाडला हुता. पाट म्हंजी नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लगीन. आमच्यात ते रातच्याला, दिवा बारीक करून, चोरीचं काम असल्यावानी लावत्यात.

मामंजी म्हनले, "माजी ना न्हाई. बाजाराच्या दिवसापतूर पोरीनं काय ते सांगावं."

पन पोरगी व्हयबी म्हनंना आन न्हाईबी म्हनंना. नुसत्या भाकरी थापायची. म्हनलं, हिला जरा हवा दाखवावी.

आमच्या शाळंतल्या मार्थाबाई नगरच्या मिशनात शिकलेल्या. त्यांनी सांगितलं, "ऐतवारी सकाळी जपानी शिनेमा हाय. जुन्या काळातला. तलवारीबी हायेत आन पिरेमबी."

"दोन्ही एकाच तिकिटात?" मी म्हनले. "मग चला की."

तुमी नेवाशाकडनं जानार असाल तर फाट्यावर पैली यष्टी धरा, आन उजव्या अंगाला बसा. डाव्या अंगाला ऊन खानार. शिदोरी घोडेगावच्या आदीच सोडा, कारन इमामपूरच्या घाटात गाडी आशी हलती की चटनी तोंडात कमी आन पदरावर जास्ती.

कंडक्टर म्हनला, "मावशे, नगरला दवाखान्यात का?"

"न्हाई. शिनेमाला."

"या वयात?"

"तुज्या आईलाबी धाड पुढच्या ऐतवारी. तिच्या शेजारी जागा धरून ठेवते."

सगळी गाडी हसली. कमळ खिडकीतनं भाईर बघत बसली.

माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून आमी चालतच गेलो. टांगेवाला लई मागतो, आन चाललं की दुकानं फुकाट बघायला मिळत्यात. थेटरात निम्मी कालेजातली पोरं, कल्ले वाढिवलेली. बायका म्हंजी आमी तिगी आन दोन नर्सबाया. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मार्थाबाई भराभरा वाचून आमच्या कानात सांगायच्या.

गोष्ट सोपी हाय. नदीकाठी एक बाई परवाशांना भात रांधून घालती. नवरा मेलेला. तिथं एक तलवारवाला येतो, सरदाराची चाकरी सुटलेला, कपडे फाटके, पन नजर आशी की माज्यासारखीनंबी पदर सावरला. दोगांचं बोलनं असं न्हाईच. तो पानी आनून देतो, ती वाडती. मग त्याला लढाईचं बोलावनं येतं. तो जातो. बर्फ पडतो. आन शेवटाला ती बाई डोक्यापासून पायापतूर पांढऱ्यात, मान खाली, हळूहळू चालत येती. कुनी काय बोलतबी न्हाई, म्हनून मार्थाबाईंचं इंग्रजीबी थांबलं. दिवे लागले.

"मेला," मागनं एक पोरगं म्हनलं. सगळं थेटर हळहळलं. मीबी. कमळ पदर तोंडाला लावून आशी रडली की मला वाटलं, झालं, आपुन हिला आनून चूक केली. हिचं 'न्हाई' आजच ठरलं.

थेटराच्या शेजारच्या हाटेलात भजी बरी मिळत्यात, चहा मातर साखरंचा पाक. तिथं ती पोरं आदीच भांडत हुती. एक चष्मेवाला म्हनला, "दुसरा भाग निघनार हाय. त्यात ती तलवार घेऊन सूड उगवती."

"तुला जपानातनं तार आली काय रं?" मी इचारलं.

"मावशी, पांढरे कपडे बघितले न्हाईत का? विधवा झाली ती."

"ती तर पैल्यापास्नंच हुती. मग आदी निळं नेसून भात कशी वाडायची?"

पोरगं चष्मा पुसाया लागलं. तवर मार्थाबाई बशी खाली ठिवून म्हनल्या, "मला तर ती नवरी वाटली."

सगळे त्यांच्याकडं बघाया लागले.

"आमच्यात नवरी पांढऱ्यातच आसती," त्या म्हनल्या. "मी सोता पांढरं पातळ नेसूनच मिशनच्या देवळात लग्नाला उभी ऱ्हायले. माजा नवरा अजून ठनठनीत हाय."

"बाई, ते तुमच्यात. जपानात कुठं मिशन हुतं तवा?" चष्मेवाला म्हनला. मग जे पेटलं! निम्मं हाटेल नवरीकडं, निम्मं विधवेकडं. हाटेलवाला भजी काढायचा थांबला.

त्या गलक्यात कमळ कवा उठून गेली ते कळलंच न्हाई. आली ती पळतच.

"आक्का, इकडं या. समदे या."

थेटराच्या दारात काचंच्या पेटीत शिनेमातले फोटू लावल्याले. खालच्या कोपऱ्यात एक फोटू: तीच बाई, तेच पांढरं, आन शेजारी तो, काळ्या कपड्यात, दोगांच्या हातात बारक्या वाट्या, लगनाच्या इधीतल्या असाव्यात तशा. हा तुकडा आमाला दाखिवलाच नव्हता. रीळ कुठं तुटलं आसंल ते देवाला ठावं.

कमळनं काचंवर बोट ठिवलं. "जित्ता हाय. आन ही नवरीच हाय." मग चष्मेवाल्याकडं वळून म्हनली, "तलवार कशाला घील ती? तिला संसार करायचाय."

किती दिसांनी पोरीचा आवाज आयकला. पोरांनी तिच्यासाटी टाळ्या वाजिवल्या. चष्मेवाल्यानं आमच्या भज्याचे पैशे दिले, ते मी आडवले न्हाईत.

परतीच्या गाडीत कमळ म्हनली, "आक्का, त्या बाईचं लगीन दिवसा लागलं. बर्फात ऊन हुतं."

"व्हय, म्या बघितलं."

घरी पोचलो तर मामंजी वट्यावर. कमळनं पिशवी खाली ठिवली, पदर नीट घेतला आन म्हनली, "मामंजी, पावन्यास्नी निरोप धाडा. पन पाट दिवसा लावायचा. माजं काय चोरीचं न्हाई."

मामंजींनी माज्याकडं बघितलं. मी म्हनले, "माज्याकडं काय बघता? जपानी लोकांचं काम हाय हे."

पाट दिवसा लागला, चांगल्या टळटळीत उनात. कमळ पांढरं पातळ नेसली, लाल काठाचं, आन हातभर हिरव्या बांगड्या. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पन पंगतीतनं एकबी उठली न्हाई, आन बुंदी दोनदा मागितली.

परवा मार्थाबाई सांगत आल्या, दुसरा भाग खरंच निघालाय म्हनं. मी नेवाशाला जाऊन कमळला इचारलं, येतीस का नगरला? ती दुकानात सायकलच्या चाकाला हवा भरत हुती, हात काळे.

"तुमीच जा आक्का," ती म्हनली. "आन आल्यावर सांगा. मला इथं लई काम पडलंय."