कोणत्या पटात पळाली?

आमच्या साडभाऊंचा विश्वास बसेल अशी मोटरसायकल अजून कोणत्याही देशात तयार झालेली नाही, आणि होईल असं मला वाटत नाही. लोक मुलीसाठी स्थळं पाहतात. यांनी मुलीसाठी गाड्या पाहिल्या, आणि कुठल्याही वधूपित्याला सुचणार नाहीत इतके दोष काढले. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. शहापुरात हायवेला लागून घर, मागे धानाच्या बांध्या, समोरून दिवसभर वाहनांची रांग. दुसरा कोणी असता तर त्या आवाजाला कंटाळला असता. साडभाऊ ओसरीवर बसून वाहनांवर पाळत ठेवतात.

त्यांची एकुलती एक मुलगी गुरांची डॉक्टर आहे. नाकाडोंगरीकडच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचं, शनिवारी बस बदलत घरी यायचं, आणि एखाद्या गावी गाय अडली की ज्याची गाय त्याच्याच गाडीवर मागे बसून जायचं. हे मागे बसणं तिला सोसवेना. तिने स्वतःच्या पगारातून स्पोर्ट बाईक घ्यायचं ठरवलं. मात्र बाबांनी हो म्हटल्याशिवाय घेणार नाही, असंही बोलून बसली, आणि तिथेच अडकली.

कारण साडभाऊंनी तपास सुरू केला. दीडशे सीसीची गाडी पाहून म्हणाले, "हे तं वाऱ्यानं उडन." अडीचशेची पाहून म्हणाले, "दीडशेलेच मिशा लावल्या यायनं." चारशेच्या इंजिनाची धग पायाला लागली तेव्हा, "हिच्यावर भात शिजवाचा आहे का?" आणि साडेसहाशेची दिसताच नमस्कार करून, "आडवी झाली तं उचलाले अख्खं गाव बलावा लागन." किमतीचंही तसंच. गाडी स्वस्त असली तर आतून काहीतरी काढून घेतलेलं असणार, महाग असली तर वरून नुसता रंग लावलेला असणार. मोबाइलवर गाड्यांची तुलना करणारे लोक मी त्यांना दाखवले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तर, याले गाडी फुकटात चालवाले भेटली. हा खोट काहून सांगन?" समीक्षेविषयी मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं थोडक्यात कुणी मांडलेलं आठवत नाही.

पेट्रोल पंपावर ते अनोळखी पोरांना थांबवून विचारत, "देते किती?" आमच्याकडे हा प्रश्न म्हशीलाही विचारतात आणि गाडीलाही. उत्तर आलं की ते निम्मं करायचे. "गाडीवाला आणि म्हैसवाला," ते मला समजावून सांगत, "देण्याचं सांगताना दोघंही वर पाहातेत. ध्यान देजा."

एकदा मी त्यांच्याबरोबर भंडाऱ्याच्या शोरूममध्ये गेलो. तिथे गाड्या कमी आणि समारंभ जास्त होता. कुणाला तरी पुठ्ठ्याची हातभर किल्ली देत होते. केक कापला जात होता. गाडीवरचं मखमली कापड ओढलं की भिंतीतून वाघाची डरकाळी ऐकू येई. साडभाऊंनी एक लाल गाडी निवडली, तिला चारी बाजूंनी फेरी मारली, टाकीवर थाप मारली आणि मग जमिनीवर बसून मागच्या चेनचक्राचे दात मोजायला लागले. बैल घेताना आधी दात पाहायचे, ही त्यांची रीत. विक्रेत्या पोराला वाटलं, यांचं काही पडलं.

"काका, ही रेसच्या ट्रॅकवर जन्मलेली गाडी आहे," तो म्हणाला.

"असं का जी? कोणत्या पटात पळाली?"

"पटात?"

"शंकरपटात. बैलाच्या शर्यतीत नसन, पण कुठं तरी धावलीच असन ना? नंबर आला का तिचा?"

पोरगं हातातलं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहायला लागलं. मग साडभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, दुपट्ट्याखाली, कुणाला न दिसता. पोराला वाटलं, सौदा पक्का झाला. त्याने जोरजोरात हात हलवला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाला धावत आला. साडभाऊ माझा दंड धरून बाहेर पडले. "फोटो काढून ठेवला मास्तर. पुरावा करून राहिले हे."

हळूहळू मला खुद्द साडभाऊंचाच संशय यायला लागला. कंजूष म्हणावं तर पैसा मुलीचा. मुलीने गाडी चालवू नये असं म्हणावं, तर तिला सायकल शिकवली यांनीच. शिवाय एक गोष्ट खटकत होती. कोणतीही गाडी चालवून पाहायची वेळ आली की ते स्वतः कधी बसत नसत. चालवणाऱ्याच्या पुढे लांबवर चालत जात आणि रस्त्याच्या टोकाला उभे राहत. गाडी सुटते कशी, याकडे त्यांचं लक्षच नसे.

उलगडा आमच्या आकडसासूबाईंनी केला, म्हणजे साडभाऊंच्या बायकोने. "पटात तेच काम होतं त्यायचं," त्या तांदूळ निवडत म्हणाल्या. "जोडी हाकलणारा धुरकरी साऱ्यायले दिसते. पण रेघ गेल्यावर बैल थांबते थोडी? पल्याड कोणी तरी उभा राहा लागते, आंगावर घेऊन धराले. हे राहात."

त्याच आठवड्यात शनिवारी मुलगी घरी आली. बसमध्ये उभं राहून आलेली, वैतागलेली. आम्ही सगळे जेवायला बसलो असताना तिने विचारलंच.

"बाबा, खरं सांगा. खोट गाडीत आहे का माझ्यात?"

साडभाऊ पानातला भात सारखा करत राहिले.

"गाडीतही नाही, बाई, तुह्यातही नाही."

"मंग काहून अडवून राहिले?"

"पळवणारे लय राहातेत. तिकडं जंगलाच्या रस्त्यावर पल्याड कोण उभं राहीन?"

"ब्रेक राहाते ना, बाबा."

"ब्रेकवर माहा विश्वास नाही."

"आणि माह्यावर?"

मी घास हातातच धरून होतो. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. सगळे गाड्यांबद्दलच बोलत होते. भात बाजूला सारून ते म्हणाले, "ते मिशावाली घे. अडीचशेची."

"चारशेची," मुलगी म्हणाली.

"भात शिजते तिच्यावर."

"मंग अडीचशेची," ती हसत म्हणाली. तो सौदा दुपट्ट्याशिवायच झाला.

गाडी आली. पुठ्ठ्याची किल्ली त्यांनी घेऊ दिली नाही. आता शनिवारी संध्याकाळी मी शहापूरला गेलो तर ते ओसरीवर सापडत नाहीत. हायवे सोडून गाडी घराकडे वळते, त्याच्या थोडं पुढे ते उभे असतात. हात अंगापासून किंचित दूर, पाय रोवलेले. ती गाडी थांबवते, हेल्मेट काढते. तोवर यांचा तळहात इंजिनाजवळ गेलेला असतो.

"हळूच आली, बाबा."

"इंजिन तं तसं सांगून नाही राहिलं."

ती चालत घराकडे निघते. साडभाऊ खांद्यावरचा दुपट्टा काढतात आणि गाडीच्या टाकीवरची धूळ पुसायला लागतात, सावकाश, एकाच दिशेने, धावून आलेल्या जनावराची पाठ पुसावी तसे.