चिक्कडपल्ली ते जामबाग, गच्चीमार्गे

आमच्या छंदात राऊटर कमी पडतात, पण किस्से कधीच कमी पडत नाहीत. एक सांगायला बसावं तर मागून चार रांग लावून उभे असतात. आज त्यातले थोडे सांगून टाकते.

आधी आमची ओळख. आम्ही चौघं हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन रीतसर लायसन्स काढलेले! लोकांनी टाकून दिलेले वायफायचे राऊटर आणायचे, त्यांच्यातलं सॉफ्टवेअर बदलायचं, अँटेना जोडून गच्चीवर टांगायचे. एका गच्चीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आवाज जातो. मध्ये ना कंपनी, ना इंटरनेट. चिक्कडपल्लीत मी आणि मागच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे रफीकभाई. मधल्या टप्प्यावर बँकेतले श्रीनिवास गारू; गारू म्हणजे इकडचं तेलुगू ‘साहेब’. आणि टोकाला जामबागचे काळेकाका, गणिताचे निवृत्त मास्तर.

मी पुण्याहून इथे नोकरीला आले तेव्हा शेजारणीने गच्चीवरची डबडी बघून विचारलं, “इससे नेट फुकट आता क्या?”

“नाही.”

“फिर क्या आता?”

“रफीकभाईंचा आवाज येतो.”

“वो तो फोन पे भी आता ना!”



*

काळेकाकांचा राऊटर पहिल्याच पावसात भिजून गेला. काका चिडले. तडक बेगम बाजारात जाऊन त्यांनी झाकणाला रबर असलेला, जाडजूड स्टीलचा डबा आणला. राऊटर अँटेनासकट आत ठेवला, वायरीपुरतं भोक पाडलं, तेही मेणाने बुजवलं. “आता पाण्याचा थेंब आत जाऊन दाखवू दे!”

थेंब गेला नाही. सिग्नलही बाहेर आला नाही. दोन तास मी आणि काका त्यांच्या गच्चीवर सेटिंग तपासत होतो. श्रीनिवास गारू तर भर उन्हात स्वतःच्या टाकीवर चढून अँटेना फिरवत बसले होते.

शेवटी काकू चहा घेऊन वर आल्या. “अहो, परवा माझा फोन चुकून पोह्यांच्या डब्यात राहिला होता, तेव्हा रिंगसुद्धा लागत नव्हती. हाही स्टीलचाच ना?”

काकांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, “चहात साखर कमी आहे.”

*

राऊटरचं सॉफ्टवेअर बदलत असताना वीज गेली की राऊटर कायमचा गेला. मग तो दाराला अडसर लावायच्याच कामाचा. श्रीनिवास गारूंनी सलग तीन राऊटर असेच घालवले. दर वेळी शेवटच्या मिनिटाला त्यांच्या मिसेस मिक्सर लावायच्या आणि फ्यूज उडायचा.

चौथ्या वेळी त्यांनी हात जोडले, “दहा मिनिटं मिक्सर वद्दु, नको!”

मिसेस कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “एवंडी, अहो, ठरवा. राऊटर की चटणी?”

तेव्हापासून ते राऊटर घेऊन माझ्याकडे येतात. येताना डब्यात चटणी असते.

*

आमच्यात नियम असा की बोलताना आपला कॉलसाइन, म्हणजे सरकारने दिलेलं रेडिओवरचं नाव, सांगायचंच. काका या बाबतीत वर्गातल्यासारखे कडक. रोज संध्याकाळी सहाला ते आणि रफीकभाई बोलायला बसत. रफीकभाई कॉलसाइन विसरले की काका त्यांना मध्येच थांबवत.

“क्या मास्तर! निकाह में काज़ी साब भी मेरा नाम इत्ता नहीं पूछे!”

गुडघ्यांमुळे गेल्या वर्षापासून काकांचं घराबाहेर पडणं बंद झालंय, दोन्ही मुली परगावी. सहाच्या त्या गप्पा म्हणजे त्यांचा अख्खा दिवस. मी एकदा म्हटलं, “काका, फोन करायचा ना.” तर म्हणाले, “फोनवर काय काम आहे असं विचारतात. आम्हाला काहीच काम नसतं.” तीनेक किलोमीटरचं अंतर, पण वर्षभरात दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

*

मग आमच्या सिग्नलच्या वाटेतच सात मजली इमारत उभी राहिली आणि जामबागची लिंक मेली. काकांचा चेहरा एवढुसा झाला. त्यांच्यासाठी काहीही करून ती जोडायचीच, असं मी ठरवलं. एकच उपाय होता, त्याच इमारतीच्या गच्चीवर एक राऊटर लावायचा.

सोसायटीचे अध्यक्ष राव गारू ऐकूनच उठून उभे राहिले. “वद्दंडी! रेडिएशन!”

दोन महिने हेलपाटे घातले. एकदा वैतागून मी म्हटलं, “अहो, हा तुमच्या हॉलमधल्या राऊटरसारखाच तर आहे!”

ते हॉलमधल्या राऊटरकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोही काढून टाकला!

तिसऱ्या दिवशी त्यांची सूनबाई लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारात. ती घरूनच नोकरी करते. “अक्का, तुम्ही मामय्यांना काय सांगितलंत?”

तिने सगळं ऐकून घेतलं आणि परवानगीचा कागद मागितला. संध्याकाळी परवानगीवर राव गारूंची सही आणि हॉलमध्ये राऊटर परत! त्या बाईला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

*

रविवारी सकाळी राऊटर चढवला. लिंक ठणठणीत! आनंदाची बातमी तोंडानेच सांगायची म्हणून मी सहाच्या सुमारास जामबागला पोहोचले.

काका बाहेरच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर दोन खुर्च्या, बुद्धिबळाचा पट मांडलेला. काकू आत भजी तळत होत्या. म्हणाल्या, “लिंक गेली त्या आठवड्यापासून रफीकभाई रोज येतात, रिक्षा करून. आठ वाजले तरी उठत नाहीत दोघं.”

मी म्हटलं, “काका, लिंक आली!”

काकांनी आधी दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “रफीकला सांगितलंस?”

“नाही, आधी तुमच्याकडेच आले.”

“मग राहू दे. एवढ्यात नको सांगूस.”

मी बरं म्हणून निघाले. जिन्यात रफीकभाई भेटले, एकेक पायरी चढत वर येत होते. मला बघून थांबले. वर दाराकडे नजर टाकली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “बेटा, लिंक सुबह से आ गई. मैं देख लिया. मास्तर को नक्को बोलो.”