कोण एका बाजूने चावतं

सकाळी केसपेपरच्या रांगेत मावशी फिरायच्या आणि प्रत्येक पोटुश्या पोरीच्या हातावर चार भाजलेले चणे ठेवायच्या. "खा गं. सकाळपासून उपाशी बसलीस ना?"

घाटकोपरच्या एका दवाखान्यात मी दातांचा डॉक्टर, मावशी समोरच्या प्रसूती विभागात आयाबाई. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. बाई उदार आहे, एवढंच मी धरून चाललो होतो.

पण चणे दिल्यावर त्या तिथेच उभ्या राहायच्या. कोण एकाच बाजूने चावतं, कोण नुसतं चघळत बसतं, कोण गुपचूप ओढणीच्या टोकाला बांधतं, ते बघायच्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, शेजारी सासू. दात दुखतो का विचारलं तर उत्तर ठरलेलं, नाही. मग मावशी एखादीला दंडाला धरून माझ्याकडे आणायच्या. "ही डावीकडून खात नाय. बघा."

मी बघायचो, गोळी लिहून द्यायचो आणि सांगायचो, बाळंतपणानंतर या. नसती जोखीम कोण घेणार?

एकदा त्यांनी माहुलची एक पोर आणली. वय एकोणीस, पाचवा महिना, गाल टम्म सुजलेला. आठवडाभर ती पेजेवर होती. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं. दाढ काढायलाच हवी होती. सासू दारातूनच म्हणाली, "पोटान पोर हाय. आता नको." मला तेवढंच निमित्त हवं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे, बाळंतपण झालं की..."

"ओ डॉक्टर, इकडे बघा," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी आ केला. दोन्ही बाजूंना एकही दाढ नव्हती. "मलापण हेच सांगितलेलं. नंतर पोर कडेवर घेऊन कोण येतंय? आणि तोवर ही खाणार काय, तुमचं लेक्चर?"

मला लाज वाटली. समोरच्या प्रसूती विभागातल्या डॉक्टर मॅडमना विचारून मी त्याच दिवशी दाढ काढली. तेवढा वेळ मावशी सासूचा हात धरून बाहेर बसल्या होत्या. काय बोलल्या कोण जाणे, पुढच्या आठवड्यात सासूबाई स्वतःच जावेच्या सुनेला घेऊन हजर. आणि दाढ काढलेली पोर भात-मासे जेवायला लागली होती.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या आणि लेकीकडे बदलापूरला गेल्या. त्यांच्याशिवाय दवाखान्यात मला करमत नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता रांगेत चणे मीच वाटतो. पण डॉक्टर बघतोय म्हटल्यावर सगळ्याच पोरी दोन्ही बाजूंनी चावून दाखवतात. परवा चावता चावता एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तेवढ्या एकीला आत घेता आलं. बाकीच्यांचं मला काहीच कळलं नाही.