झऱ्याचं वय

धायरी तेव्हा अजून गाव होतं. सदाशिव पेठेतून स्कूटर काढून मी तिथे जायचो ते एका झऱ्यासाठी. त्याचं पाणी खनिजांनी जड. वाहता वाहता ते खडकावर चुनखडीचे थर साठवत आलं होतं. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचो, आणि आपल्याला ते फार येतं असंही समजायचो.

जमीन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची आणि त्याच्या भावांची. भावांना ती बिल्डरला द्यायची होती. बिल्डर म्हणे, हा कसला झरा, वरच्या कालव्याचा पाझर आहे, बुजवला तर बिघडलं कुठे? म्हातारा म्हणे, बाप सांगायचा, झरा वाडवडिलांच्याही आधीचा, तिथे देवी आहे. शेवटी घरात ठरलं की मास्तर सांगतील ते खरं. थर कालव्यापेक्षा जुना निघाला तर झऱ्याचा तुकडा विकायचा नाही, नवा निघाला तर म्हाताऱ्यानेही सही करायची.

अशा थरात किरणोत्सारी कार्बन अडकतो आणि ठरावीक गतीने कमी होत जातो. किती उरलाय ते मोजलं की वय कळतं. नमुना मात्र शुद्ध हवा. मी झऱ्याच्या तोंडाशी बसून सगळ्यात पांढराशुभ्र भाग शोधला आणि छिन्नी लावली.

"मास्तर, वरचं आमच्या हातचं हाय," म्हातारा म्हणाला. "जरा खालचं घ्या की."

"आजोबा, प्रयोगशाळेत आपणच जाता का? मी इथे बसून भजन करतो."

तो बाजूला सरकला. मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परगावच्या प्रयोगशाळेतून निकाल आला, थर अगदी अलीकडचा. मी सुवाच्य अक्षरात तसं लिहून दिलं. झरा बुजला, इमारत उभी राहिली.

काही वर्षांनी त्या दगडाचा उरलेला तुकडा मी वर्गात दाखवायला म्हणून करवतीने कापला. घट्ट तपकिरी थर, आणि त्यांच्यावर पांढरी पुटं चढलेली. एका पुटात कुंचल्याचा काथ्या अडकला होता. देवीच्या जागेला दर नवरात्राआधी चुन्याची सफेदी करायची, ही गावाची रीत. चुना वाळताना हवेतला ताजा कार्बन ओढून घेतो. मी सफेदीचं वय मोजून झऱ्याच्या नावावर खपवलं होतं. खालचा थर तपासून घेतला, तर तो हजारो वर्षांपूर्वीचा निघाला.

सांगायलाच हवं अशी सक्ती कुणाची नव्हती. पण राहवेना, म्हणून गेलो. म्हातारा त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली. तो शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी माझा बाप बरोबर सांगत व्हता?"

"होय."

त्याने खाली वाकून फरशीवर तळहात टेकवला.

"मरताना हात धरून म्हनला व्हता, झरा सांभाळ. तुमचा कागद आला तवा मी पोरास्नी सांगितलं, तुमचा आजा अडाणी व्हता."