मागच्यासारखंच केलं

वसुंधरा हर्डीकरांच्या रजिस्टरला कुणी नुसतं बोट लावलं, तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. हिंदी मुलखातल्या त्या शहरात, इलाइट चौराह्यावरच्या त्यांच्या ऑफिसात तपासणी-लॅबसाठी सॉफ्टवेअर तयार होई. त्यात कोणता बदल कधी आणि का केला, हे बाईंनी एकोणीस वर्षं लिहून ठेवलं होतं, जाड पुठ्ठ्याच्या अकरा रजिस्टरांत. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. आणि टीमचा नवा प्रमुख तेजस म्हणत होता, आता सगळं विकीवर, म्हणजे संगणकावर कुणालाही उघडता नि सुधारता येतील अशा पानांवर, रजिस्टरं रद्दीत. बाईंच्या मनात आलं, एकोणीस वर्षं काय मी रेघोट्या ओढत बसले होते?

"विकीवर उद्या कुणीही येऊन काहीही खोडेल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे खोडायचं तर एक रेघ आणि शेजारी सही. खालचं वाचता आलं पाहिजे."

"ताई, विकीत पण पुराना सगळं दिसतं," तेजस म्हणाला. घरी मराठी ऐकत वाढलेला, पण बोलताना अडखळणारा मुलगा. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंगळवारी त्या भाचीच्या केळवणाला गेल्या आणि नेमके त्याच दिवशी सिविल लाइंसमधल्या एका लॅबचे रिपोर्ट छापायचे थांबले. टीमने रजिस्टर काढलं. सगळं मराठीत, तेही बाईंच्या धावत्या अक्षरात. तेजसला चार शब्द लागले, बाकीच्यांनी हात टेकले. शेवटी फोन आला. बाईंनी मठ्ठ्याची वाटी खाली न ठेवता दोन मिनिटांत उपाय सांगितला आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा, माझ्यावाचून अडतं की नाही."

परतताना ऑटोत मात्र तेच वाक्य त्यांना टोचायला लागलं. एकतीस तारखेनंतर ही माणसं कुणाला फोन करणार? टीमसाठी, टीमसाठी म्हणत आपण स्वतःपुरतंच लिहिलं की काय? त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराही रजिस्टरं त्यांनी स्वतःच तेजसच्या टेबलावर आणून ठेवली. "मी वाचते, तू हिंदीत टाईप कर. कळलं नाही तिथे थांबव."

तो थांबवत गेला, त्या समजावत गेल्या. चौथ्या दिवशी सातव्या रजिस्टरात एक नोंद आली: 'पेशंटची नावं दोनदा येत होती. मागच्यासारखंच केलं.'

"मागच्या वेळी काय केलं होतं, ताई?"

बाईंनी मागची पानं उलटली, मग पुढची. चष्मा काढून पदराने पुसला. काहीएक आठवेना.

"रहने दें?" तेजसने हळूच विचारलं.

"नाही. लिही, उपाय काय केला ते वसुंधरा हर्डीकरांना आठवत नाही."

"नाव कशाला, ताई..."

"टाक. नोंद माझी आहे."

तेजसने टाईप केलं. बाईंनी पेन उघडलं, रजिस्टरातल्या त्या ओळीवर एक रेघ ओढली, शेजारी सही केली आणि पान उलटलं.